फरशी चकाचक, कडी चिकट

"ए बारक्या, पाच नंबरवर फडका मार!"

गल्ल्यावरून हुकूम सुटतो आणि बारक्या येतो. बारक्याला नातू झालाय, पण हॉटेलात बारक्या हे पद असतं, वय नव्हे. त्याच्या खांद्यावरच्या फडक्याचा मूळ रंग शोधायला आता पुरातत्त्व खातं बोलवावं लागेल. पहिल्या फटकाऱ्यात इडलीचा चुरा आणि सांबाराचं थारोळं टेबलाच्या कडेला येतं. दुसऱ्यात ते बारक्याच्या डाव्या तळहातावर आणि थोडं तुमच्या पँटवर. मग उरलेल्या ओलीवरून एक गोल गिरकी, फडकं परत खांद्यावर आणि त्याच तळहाताने, चार बोटं आत बुडवून, पाण्याचे चार ग्लास. "काय देऊ साहेब?"

टेबल आता चमकतंय. आधी घाण जिथे सांडली तिथेच होती, आता ती सगळीकडे सारखी झाली. समान वाटपाचं धोरण या राज्यात मनापासून कुणी राबवलं असेल तर ते या फडक्याने. तीन नंबरची चटणी पाच नंबरला, पाचचं सांबार नऊला, आणि नऊवरच्या पोराने शिंकून ठेवलेलं जे काही असेल ते सगळ्यांना. कामं संपली की फडकं मोरीजवळच्या बादलीत बुचकळायचं. ही बादली सकाळी भरतात, दुपारपर्यंत पाण्याला तवंग येतो, आणि रात्री ती कुठे ओततात ते विचारू नये. ओल, ऊब आणि अन्नाचे कण! जंतूंना वाढायला आणखी काय लागतं?

बारक्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मालक दिवसाला एक फडकं देतो, तेही मालकाच्या जुन्या बनियनचं.

काही हॉटेलं हल्ली सुधारली आहेत. तिथे बारक्याचा गणवेश असतो, छातीवर नावाची पट्टी असते आणि हातात फवाऱ्याची निळी बाटली. फुस्स, फुस्स, लगेच पुसलं. गिऱ्हाईक खूश. जंतूही खूश, कारण बाटलीच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की द्रावण पृष्ठभागावर अमुक वेळ ओलं राहू द्या, आणि ते वाचायला चष्मा कुणीच लावत नाही. अल्कोहोलला निदान अर्धा-एक मिनिट हवं, हायपोक्लोराइटला दहा मिनिटांची मुभा द्यावी असं सांगतात. आपण देतो दोन सेकंद. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा माणूस उभाच असतो, तसं त्या औषधाचं होतं. बसलं न बसलं तोच उठा.

शिवाय क्लोरीनला एक खोड आहे. समोर जे सेंद्रिय येईल त्याच्याशी ते आधी भिडतं. टेबलावर सांबार असेल तर सांबाराशी. त्यातच त्याचा जीव जातो आणि जंतू बाजूला उभे राहून गंमत बघतात. म्हणून आधी साबण-पाण्याने घाण काढायची आणि मग औषध, असा साधा क्रम आहे. क्वाटर्नरी अमोनियमवाली औषधं तर आता मॉलपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे असतात. त्यांना सुती कापडाचा भारी लळा. बादलीतल्या औषधाचा बराचसा भाग सुती फडकं स्वतःकडेच धरून ठेवतं. औषध फडक्यात, जंतू टेबलावर, बिल मालकाच्या नावावर.

पण हे सगळं शास्त्र झालं. आपल्याकडे स्वच्छता नाकाने मोजतात.

फिनाईलचा भपकारा आला की समजायचं, साफ आहे. काळं फिनाईल बादलीत ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्या रंगावर आपली अर्धी श्रद्धा तिथेच बसते. उरलेली अर्धी वासावर. फिनाईल कसलं, किती तीव्रतेचं, किती पाण्यात किती बुचं, हे प्रश्न असभ्य समजले जातात. बाटलीवर 'आरडब्ल्यूसी' अशी अक्षरं आणि एक आकडा असतो. त्या फिनाईलची ताकद कार्बॉलिकच्या, म्हणजे फिनॉलच्या, मानाने किती हे त्यावरून कळतं. रिडील आणि वॉकर या दोघांनी १९०३ मध्ये ही मोजपट्टी काढली. सव्वाशे वर्षं होत आली, पण दुकानात जाऊन कुणी "जरा आरडब्ल्यूसी बघू" म्हटल्याचं ऐकलं नाही. "गुलाब आहे का मोगरा?" हे मात्र रोज ऐकू येतं.

नाकानंतर डोळे. मंत्री येणार म्हटलं की रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पावडरीची रेघ ओढतात. रेघ सरळ असते, पावडर कसली ते ओढणाऱ्यालाही माहीत नसतं. ब्लीचिंग पावडर असलीच तर ती कोठारात पोत्याचं तोंड उघडं ठेवून इतकी पडलेली असते, की तिच्यातलं क्लोरीन कधीच उडून गेलेलं असतं. उरतो चुना. तो लावायची आपली परंपरा जुनीच आहे.

आता मुद्द्याचं. कुठल्याही मॉलमध्ये, स्टेशनावर, इस्पितळात, बँकेत नीट बघा. धुतात काय? फरशी. दिवसातून चारदा, सहादा. मागे पिवळी पाटी, 'सावधान, फरशी ओली आहे'. फरशीत तोंड दिसतं. पण फरशीला हात कोण लावतो? आपण तिच्यावर बुटाने चालतो आणि ते बूट तोंडात घालत नाही. हात लागतो तो संडासाच्या आतल्या कडीला, फ्लशच्या बटणाला, नळाच्या तोटीला, लिफ्टच्या शून्याला, एटीएमच्या आकड्यांना, एसटीच्या सीटमागच्या दांड्याला, लोकलच्या कड्यांना, मॉलच्या ढकलगाडीच्या मुठीला, लॉजमधल्या टीव्हीच्या रिमोटला. हॉटेलातलं मेन्यूकार्ड तर हातात घेतलं की सुटत नाही, आणि ते पदार्थांच्या मोहाने नव्हे. त्या कार्डाला, केचपच्या बाटलीला आणि मिठाच्या डबीला बारक्याचं फडकंसुद्धा कधी लागत नाही. गिऱ्हाईक हात धुऊन येतं, कार्ड वाचतं, मिठाची डबी उचलतं आणि मग चपाती मोडतं.

संडासाची कडी हा तर या सगळ्यांचा मेरुमणी. आत गेलेला प्रत्येक माणूस ती हात धुण्याच्या आधी उघडतो. दुसरा इलाजच नाही, नळ बाहेर आहे. त्यामुळे इमारतीतली सर्वांत आधी पुसायची वस्तू कोणती, याचं उत्तर शेंबडं पोरही देईल. तरी तिच्यावर बोट फिरवून बघा. नको, राहू द्या.

असं का होतं? सफाईवाल्यांना कळत नाही म्हणून? छे. सफाईचं कंत्राट बहुधा चौरस फुटावर निघतं, नाहीतर माणसांच्या डोक्यांवर. फरशीला चौरस फूट असतात. कडीचं क्षेत्रफळ काढायला बसलात तर निविदेत तिचा रकाना भरणार नाही. जे मोजलं जातं त्याचं बिल निघतं आणि ज्याचं बिल निघतं तेच पुसलं जातं. पाहणीला आलेला साहेबही फरशीकडे बघत चालतो, कारण पाय घसरायची भीती त्यालाही असते. कडीची पाहणी करायची तर आत जाऊन ती लावावी लागेल.

पाहणीवरून आठवलं. स्वच्छतागृहाच्या दाराच्या मागे एक तक्ता टांगलेला असतो. तासाचे रकाने, आरसा, बेसिन, कमोड, फरशी, साबण, आणि शेवटी सही. मध्ये एका मॉलमध्ये हा तक्ता निवांत वाचायचा योग आला. तिथे निवांतच असतो माणूस. सव्वाचार वाजले होते. पाच, सहा आणि सात वाजताच्या सह्या होऊन गेल्या होत्या. एकच पेन, एकच तिरपा झोक, शाई अजून ताजी. सात वाजता साबण भरलेला असणार, ही भविष्यवाणी सव्वाचारला झालेली. बाहेर येऊन साबणाचं यंत्र दाबलं तर त्याने उचकी दिली, बस्स. आमच्याकडे पंचांग वर्षभर आधी छापतात, त्यापुढे तीन तास म्हणजे काहीच नाही.

साबण असला तरी तो बहुधा साबणाची आठवण असतो. निम्मं पाणी. तळाशी जुना, वर नवा, मध्ये नळाचं पाणी, आणि डबा कधीच रिकामा करून धुतलेला नाही. अशा वरून भरत राहिलेल्या साबणात जंतूच वाढतात, हे तपासून सिद्ध झालंय. म्हणजे हात धुवायला जावं आणि जंतू घेऊन यावं. शेजारी हात वाळवायचं यंत्र. ते बंद आहे, त्यामुळे एक काळजी कमी.

एवढं सगळं असूनही फवाऱ्यावरची आपली निष्ठा ढळलेली नाही. या फवाऱ्याचं घराणं मोठं आहे. शस्त्रक्रियेत कार्बॉलिक वापरून जखमा कुजणं थांबवणाऱ्या जोसेफ लिस्टरने १८६७ मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. पुढे त्याने शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बॉलिकचा फवारा सोडायची टूम काढली. डॉक्टरांचे हात सोलून निघाले. १८९० मध्ये त्यानेच ती पद्धत जाहीरपणे सोडली आणि हवेतले जंतू मारायला आपण असलं काही सुचवलं याची लाज वाटते, अशी कबुलीही दिली. लिस्टरने फवारा सोडला. आपण धरला.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग दिसला आणि गटारांत समुद्राच्या पाण्यातून कार्बॉलिक सोडणं सुरू झालं. १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने सोजिर घरात घुसवले. सामान बाहेर काढलं, काही जाळलं, भिंतींना चुना फासला, जंतुनाशकं ओतली, बायाबापड्यांची अब्रू चव्हाट्यावर आणली. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी त्याचा हिशेब चुकता केला, ते शाळेत शिकवतात. शाळेत न शिकवलेला भाग असा, की पुढच्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसूतून माणसात येतो. घरं धुऊन काढली, पिसू उड्या मारत राहिली.

मग २०२०. मार्चमध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की प्रयोगशाळेत करोनाचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडतो. देशाने 'प्रयोगशाळेत' हा शब्द गाळून बाकीचं वाक्य पाठ केलं. कोथिंबीर साबणाने धुतली. लिफ्टमध्ये थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिक खोचून ठेवल्या, बटण दाबा आणि काडी टाका. एप्रिलमध्ये राज्य सरकारने वर्तमानपत्रं घरोघर टाकायला मनाई केली, कारण कागदावरून विषाणू येईल. तोच कागद वडापावभोवती गुंडाळून आला की मात्र चव येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच शाईमुळे बजावलं होतं की छापील कागदात खायचे पदार्थ बांधू नका. पण त्या सूचनेला कुणी घाबरलं नाही, वडा गरम होता.

मार्चच्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला, पायपीट करून आलेल्या मजुरांना रस्त्यावर उकिडवं बसवून त्यांच्यावर हायपोक्लोराइटचा फवारा मारला. लहान पोरंही होती त्यात. नंतर जिल्हाधिकाऱ्यांनी खुलासा केला की आदेश बस निर्जंतुक करण्याचा होता, कर्मचाऱ्यांचा उत्साह जास्त झाला. बस आणि बसने जाणारा गरीब माणूस यांतला फरक उत्साहाच्या भरात कळत नाही कधी कधी. इकडे नगरसेवकांनी मंडईच्या तोंडाशी फवाऱ्याचे बोगदे उभारले, कमानीवर स्वतःचे फोटो, खाली हात जोडलेले. १८ एप्रिलला केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की माणसांवर औषध फवारू नका, त्याने अंगाला अपाय होतो आणि शरीरात गेलेल्या विषाणूचं काही बिघडत नाही. बोगदे चालूच. अखेर ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाला त्यात पडावं लागलं, महिन्याभरात निर्देश काढा म्हणून. तोवर फोटोंचा रंग उडाला होता. औषध जोरदार असावं.

आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशेब मांडला, की दूषित पृष्ठभागाला हात लावून करोना होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. तो हवेतून पसरत होता. आपण काय केलं होतं? एसीसाठी खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आत फरशी पुसत होतो.

यावरून काही हुशार मंडळींनी निष्कर्ष काढला की पुसापुशी हे सगळंच थोतांड. असाही शहाणपणा नको. करोना गेला म्हणून जुलाब-उलट्यांचे विषाणू काही संपावर गेलेले नाहीत. नोरोव्हायरस कडीवर, टेबलावर दिवसचे दिवस टिकतो आणि ज्या अल्कोहोलच्या जेलवर आपण विसंबून असतो ते त्याच्यापुढे लंगडं पडतं. तिथे साबण, पाणी आणि चोळणं. अतिदक्षता विभागात कँडिडा ऑरिस नावाची बुरशी खाटेच्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकते आणि नेहमीची कित्येक क्वाटर्नरी अमोनियमवाली औषधं तिचं फारसं वाकडं करू शकत नाहीत. म्हणजे पुसायचंच, फक्त जिथे पुसायला हवं तिथे. फुटपट्टीएवढ्या जागेसाठी एवढा मोठा देश अडून बसलाय.

करोनाची आठवण म्हणून एक वस्तू मात्र सगळीकडे शिल्लक आहे. पायाने दाबायचा सॅनिटायझरचा लोखंडी स्टँड. बाटली गेली, स्प्रिंग गेली, स्टँड उभा आहे. कुठे त्यावर छत्र्या अडकवतात, एका सरकारी कचेरीत त्यावर 'रांगेत उभे राहा' अशी पाटी बसवलेली पाहिली. स्टँडही रांगेतच उभा होता, २०२० पासून.

आता ज्यांच्या हातात खरोखर फडकं असतं त्यांच्याकडे या. मावशी म्हणायचं, म्हणजे पगाराचं विचारावं लागत नाही. मावशींना बाटल्या मिळतात, त्यावरचं लेबल इंग्रजीत. किती पाण्यात किती, हे मुकादम सांगतो, आणि मुकादमाला महिन्याचा कोटा पुरवायचा असतो, म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात औषध जहाल आणि शेवटच्या आठवड्यात तीर्थ. हातमोजे 'मागवलेत'. डाग निघत नाही म्हणून साहेब ओरडले की मावशी संडास धुवायच्या ॲसिडवर ब्लीच ओततात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तोच, जो पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता. खिडकी नसलेल्या मोरीत मावशी खोकत बाहेर येतात. साहेब म्हणतात, "वा, आता कसा वास येतोय!"

सरकारी दवाखान्यांसाठी २०१५ पासून 'कायाकल्प' योजना आहे. त्यात तीन बादल्यांची पद्धत सांगितली आहे. एकीत द्रावण, दोन पाण्याच्या, पोछा प्रत्येक फेरीला खळबळून मगच द्रावणात. अतिशय शहाणी पद्धत. जिथे मनावर घेतलं तिथे ती चालतेही. बाकी ठिकाणी दुसरी बादली गळते आणि तिसरी पाहणीच्या दिवशी कोठीतून निघते, कोरी करकरीत, स्टिकरसकट.

एक मात्र मान्य करायला हवं. स्पर्शाने काहीतरी चिकटतं, ही कल्पना आपल्याला पाश्चर-लिस्टरकडून शिकायची गरजच नव्हती. सोवळं-ओवळं, शिवाशिव, कुणाची सावली कुठवर पडते, याची आपली नियमावली इतकी बारीक होती की आजचं कुठलंही इस्पितळ लाजेल. चूक एवढीच, की तिच्यात वस्तू कमी आणि माणसं जास्त होती. जो घाण काढतो तोच घाण ठरला. घाण तिथेच राहिली.

तर परवा आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. विषय क्रमांक सहा म्हणून मांडलं की लिफ्टची बटणं आणि मुख्य दाराची मूठ दिवसातून दोनदा साबणाच्या फडक्याने पुसावी, आणि ते फडकं जिन्याच्या फडक्याहून वेगळं असावं.

"बटणांत पाणी जाईल," सेक्रेटरी म्हणाले.

"पिळून घेतलं तर नाही जाणार."

"कंत्राटात नाही ते. वेगळे पैसे मागतील."

"दोन मिनिटांचं काम आहे हो."

"दोन मिनिटं म्हणता म्हणता मिनिमम वेजेस लागतील," तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. ते निवृत्त आहेत, लेबर ऑफिसातून.

चर्चा अर्धा तास रंगली. लिफ्टला वास येतो यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. ठराव झाला, लॅव्हेंडरचा एअर फ्रेशनर बसवावा. गुरुवारी बसलासुद्धा, लिफ्टच्या बटणांच्या बरोब्बर वर. आपोआप उडणारा महाग पडत होता, म्हणून साधा आणलाय. वास हवा असेल त्याने बटण दाबायचं.